खुडूक

आमच्या तांबडीनं खुराड्यातनं उठायचं सोडलं, तेव्हा मीच म्हणालो, "खुडूक झाली." सुगीचे दिवस होते. खुडूक कोंबडी बसून राहणारच, त्यात बघायचं काय?

तिसऱ्या दिवशी आजीनं आत हात घातला. तांबडीनं पिसं फुगवली नाहीत, चोच मारली नाही.

"ही खुडूक नव्हं," आजी म्हणाली. "खुडूक कोंबडी हात घातला की भांडती. हिच्यात भांडायचं बळच न्हाई."

उचलली तर छातीचं हाड हाताला टोचलं. तुरा पांढराफटक. रात्री कंदील धरला, तेव्हा खुराड्याच्या फटींतनं मोहरीहून बारीक किडे निघाले. दिवसा लपायचे, रात्री रक्त प्यायचे. एक चिरडला, बोटावर तांबडा डाग उठला. खुराडं उकळत्या पाण्यानं धुतलं, उन्हात टाकलं. बाकीच्या कोंबड्या वाचल्या. तांबडी गेली.

मातीत लोळणं, पिसं टाकणं, बसून राहणं हे धडधाकट कोंबडीही करते. म्हणून तर "तिची रीतच ती" म्हणून मोकळं होता येतं. खुडूक कशी ओळखायची हे मलाही ठाऊक होतं. हात घालायला सवड काढली नाही, एवढंच. मुक्या जिवाबाबत एवढंच पुरतं.

पुढं आजी ओसरीवर गप्प बसायला लागली. घरातले म्हणाले, "वय झालं." मी जवळ गेलो आणि मुद्दाम तिच्या चंचीला हात घातला.

ती खेकसली. मग जरा बरं वाटलं.