धर्माची उसनवारी

अनेक धर्मांचे लोक एकाच पाणवठ्यावर पाणी भरत आले, असे आपल्या देशाविषयी लिहिण्याचा प्रघात पडला आहे; वस्तुतः पाणवठे वेगळेच होते, आणि एकाच धर्मातल्या माणसांचेसुद्धा वेगळे होते, हे महाडचे चवदार तळे ज्यांना आठवते त्यांना सांगावयास नको. तेव्हा धर्माने हा देश जोडला की तोडला, या वादात मी पडत नाही. दोन्ही पक्षांना हवे तितके पुरावे मिळतात. मला अधिक विचारार्ह वाटते ती गोष्ट अशी की, येथे आलेल्या वा येथेच उपजलेल्या धर्माला आपले म्हणणे सामान्य माणसाच्या काळजापर्यंत पोहोचवावयाचे झाले, म्हणजे शेजाऱ्याच्या घरून शब्द उसने आणावे लागतात. आणि उसना शब्द कधी एकटा येत नाही, आपला सारा गोतावळा घेऊन येतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात उतरला, तेव्हा तेथे इन्क्विझिशनचा अंमल सुरू होऊन जवळजवळ वीस वर्षे लोटली होती; देवळे पाडली जात होती, आणि राजसत्ता व धर्मसत्ता जणू एकाच लेखणीने हुकूम लिहीत होत्या. त्या सत्तेच्या छत्राखाली राहून या मनुष्याने ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी जो ग्रंथ रचला, त्याचे नाव पुराण, त्याचा छंद ओवी, आणि त्यातील स्वर्गाचे नाव वैकुंठ! 1616 साली राचोल येथे तो रोमन लिपीत छापला गेला. ओव्या दहा हजारांवर आहेत. ज्याच्या आजोबांनी देवळाच्या सभामंडपात बसून पुराणे ऐकली होती, त्या नवख्रिस्ती श्रोत्याच्या डोळ्यांपुढे वैकुंठ म्हटल्याबरोबर कोणते चित्र उभे राहील, हे स्टीफन्सला कळत नव्हते असे मानणे हा त्याच्या विद्वत्तेचा अपमान होय. त्याने तो धोका जाणून पत्करला. तो मिशनरी होता, धर्मांतर हाच त्याचा हेतू होता, आणि त्याला सर्वधर्मसमभावाचा आद्य पुरस्कर्ता ठरविण्याची हौस मला तरी नाही. परंतु हेतू काहीही असो, ओवी आपले काम करून जाते.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदाने हाच व्यवहार दुसऱ्या बाजूने केला. मुसलमान कुळात जन्मलेल्या या सत्पुरुषाने सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. मालोजीराजे भोसले त्याचे शिष्य होते असे परंपरा सांगते, आणि मराठी संतमालिकेत त्याला स्थान आहे.

पण ग्रंथकारांचे सोडा. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल हे घाण्यावर तेल गाळून पोट भरणारे यहुदी लोक. गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद राही, जसा हिंदू तेल्यांचा सोमवारी. शेजाऱ्याने त्यांचा सारा धर्म त्या एका सुट्टीवरून ओळखला, आणि तेवढी ओळख व्यवहारास पुरेशी मानली. यात प्रेम होते असा माझा दावा नाही. मात्र चौकशीचा सोस नव्हता, आणि परधर्मीयाच्या वाट्यास आलेले हे सुख सामान्य नव्हे. पुढे याच लोकांनी बायबलातील कथांवर मराठीत कीर्तने रचली.

सत्तेला ही उसनवारी नेहमीच खपली असे मात्र नाही. 1684 साली पोर्तुगीज सरकारने गोव्यात लोकभाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. स्टीफन्सच्या त्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या होत्या; त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1907 साली मंगळुरास तो ग्रंथ पुन्हा छापला गेला, तो ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरून जपलेल्या पोथ्यांवरून.