पाखराच्या मापाचं पाणी

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे भर दुपारी कावळा चोच उघडी टाकून बसलेला दिसतो. पाखरांना घाम येत नाही, त्यांना घर्मग्रंथीच नसतात. चोच उघडून, धापा टाकून ती अंगातली उष्णता बाहेर सोडतात आणि त्या प्रत्येक श्वासाबरोबर अंगातलं पाणीही जातं. म्हणून उन्हाळ्यात अंगणात पाणी ठेवणारी माणसं मला मनापासून आवडतात. त्यांच्याकडे एकच मागणं आहे: ते पाणी पाखराच्या मापाने ठेवा.

आपण बहुधा आपल्या मापाने ठेवतो. खोल, गुळगुळीत, देखणं भांडं. चिमणी काठावरून वाकून पिईल, पण आत उतरणार नाही. अंघोळीसाठी तिला पाण्यात उभं राहायचं असतं आणि तिचे पाय ते केवढे! काठाशी अर्धं बोट, मध्ये फार तर दोन-तीन बोटं पाणी पुरे. पाय घसरू नये म्हणून कुंभाराकडचं बिनझिलईचं, पसरट परळ घ्यावं आणि मधोमध एक चपटा दगड ठेवावा.

आता कारंजं. साचलेल्या पाण्यापेक्षा हलतं पाणी पाखराला लवकर कळतं, कारण ते चमकतं आणि ऐकूही येतं. कुलरचा जुना पंप विदर्भात घरोघरी सापडतो, पण उघड्या अंगणात, ओल्या जागी घरच्या विजेची वायर नेणं मला पटत नाही. कुलरचा शॉक लागून माणसं दगावतात. त्यापेक्षा महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र टांगतात, तसा फांदीला एक डबा टांगावा. तळाला बारीक भोक, भोकात सुती वात. साधारण 20 थेंबांचं 1 मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब सोडला, तर ताशी 180 मिलिलिटर. म्हणजे 5 लिटरचा डबा दिवस-रात्र चालून वर थोडा उरतो. टँकरच्या गावालाही एवढं परवडावं. पातळी उतरली की थेंब मंदावतो, तेव्हा वात जरा सैल करायची.

थेंब वाटेत दोन-चार पानांवर पडला तर फारच छान. साळुंकी, बुलबुल परळात उतरून पंख फडफडवतात. शिंजीर मात्र ओल्या पानांवर अंग घासून न्हातो. भिजलेल्या पिसांनी नीट उडता येत नाही, म्हणून मांजर दबा धरू शकेल असं झुडूप परळाला खेटून नसावं, पण झेप घेऊन बसायला जवळ एखादी फांदी हवी.

खरं काम त्यानंतरचं. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. काथ्याने काठ घासावा लागतो. साबण नको. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल पाखरू चोचीने पिसांना लावत असतं, साबणाने ते धुऊन जाईल. एवढी सवड नसेल, तर कारंज्याचा बेत सोडून द्यावा; सकाळी परळात ताजं पाणी भरावं आणि संध्याकाळी ते पालथं घालावं. पाखरांना तेही चालतं.