काट्याजवळचा शब्द

नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते. ही परंपरा सन 1246 पासूनची, असं गावात सांगतात. उंच बांबू खांद्यावरून येतो, त्याच्यासाठी खड्डा हातांनीच उकरतात, आणि रात्रभर बुध्ये नाचतात. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं. बुध्या व्हायचं तर आधी पालनी पाळायची: खाट नाही, पायात चप्पल नाही.

एका वर्षी नंदुरबारला कॉलेजात शिकणारा एक मुलगा बुध्या झाला. नाच ऐन रंगात असताना कॅमेरा घेऊन आलेला एक शहरी पाहुणा ओरडला, "ए जंगली, इकडे बघ!" मुलगा थबकला. बाकीचे बुध्ये मात्र हसत सुटले. दोघातिघांनी पाहुण्याभोवती घुंगरं वाजवत असा फेर धरला की तो ओशाळून, "सॉरी भाऊ, सॉरी," म्हणत ढोलवाल्यांच्या मागे सरकला. मुलालाही हसू आलं. आता आपल्याला असले शब्द लागत नाहीत, असं त्याने ठरवून टाकलं. कॉलेजातली मुलं निष्कर्ष फार लवकर काढतात.

उन्हाळ्यात तो आज्याबरोबर मोलगीच्या बाजारात आमचूर विकायला गेला. कैऱ्या सोलायच्या, काप करायचे, उन्हात वाळवायचे; घरच्या बायकांचे हात आंबटाने सोलवटून निघतात. माल पांढरा राहिला तर भाव चढा, काळपटला की उतरला. आणि पांढरा की काळा, हे ठरवणार व्यापारी.

"ए भिलड्या, टाक पोतं काट्यावर," व्यापारी म्हणाला. वयाने तो आज्याच्या मुलाएवढा. आज्याने मुकाट्याने पोतं टाकलं. "वीस किलो. काळं आहे." आज्याने पैसे घेतले, न मोजता खिशात घातले.

परतताना जीपमध्ये मुलगा धुमसत होता. "आजा, ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. 1989 चा. चार लोकांदेखत जातीवरून बोलला तर गुन्हा आहे. तक्रार करू."

"कर की. पण पुढच्या बाजारी आमचूर कुठे विकशील?"

आज्याचा प्रश्न भित्रा वाटेल, पण तसा तो नव्हता. कायदा मोठाच आहे. त्याची वाट मात्र लांब. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात एका भिल्ल स्त्रीची विवस्त्र धिंड काढणाऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 5 जानेवारी 2011 च्या निकालात न्यायालयाने थेट एकलव्याच्या अंगठ्याची आठवण काढली आणि आदिवासींवरचा अन्याय लाजिरवाणा म्हटला. आरोपींची शिक्षा कायम राहिली. पण ॲट्रॉसिटीचं कलम त्याआधीच उच्च न्यायालयात गळून पडलं होतं, आणि त्याचं एक कारण होतं जातीचा दाखला जोडलेला नसणं! शिवी देणाऱ्याला असा दाखला कधी लागल्याचं ऐकलं नाही.

घरी पोचल्यावर आजा ओट्यावर बसला आणि आपणहून बोलू लागला. "माझा बाप मोरवडला जाऊन आला होता, गुलाम महाराजांकडे. इंग्रज होते तेव्हा. महाराजांनी सांगितलं, दारू सोडा आणि एकमेकांना आप म्हणा. बायकोला आप, पोराला आप. बाप म्हणायचा, पहिल्या दिवशी तोंडातून निघेना, लाज वाटली. मग गोडी लागली. पण सावकाराच्या ओट्यावर गेलं की पुन्हा ए आणि अरे. कारण वही त्याच्याकडे."

"मग?"

"मग मी जवान असताना शहाद्याकडे अंबरसिंग महाराज उभे राहिले. बहात्तरमध्ये श्रमिक संघटना झाली. गेलेल्या जमिनी मागितल्या, मजुरी मागितली. ज्याची जमीन परत आली, त्याला अहो-जाहो सुरू झालं. ज्याची नाही आली, त्याला नाही."

मुलगा बराच वेळ गप्प होता. होळीच्या मैदानात रान आपल्या माणसांचं होतं, ढोल त्यांचे होते, पाहुणा उपरा होता. मोलगीत काटा कोणाचा, हे त्याने नीट पाहिलंच नव्हतं.

पुढच्या बाजाराआधी त्याने रेशन दुकानात जाऊन पोतं तोलून घेतलं. व्यापाऱ्याने "वीस" म्हणताच तो म्हणाला, "बावीस. काट्याचं तोंड इकडे करा. आणि माल पोत्याच्या तळातून काढून बघा, पांढरा आहे."

व्यापाऱ्याने त्याला न्याहाळलं. "कुठे शिकता, भाऊ?" बावीस किलोंचे पैसे आले, पांढऱ्याच्या भावाने.

आज्याने पैसे या वेळी मोजले. "तू भाऊ झालास," तो म्हणाला. "चल, जीप सुटेल."

मागे नर्मदेकडच्या पाड्यावरून आलेली एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. व्यापारी तिच्याकडे वळला. "ए भिलडे, लवकर टाक. काळं दिसतंय."

मुलगा वळला आणि काट्याच्या आकड्यासमोर जाऊन उभा राहिला. "आप टोपली इथे ठेवा," तो म्हातारीला म्हणाला.

"तुमचं झालं ना?" व्यापारी चिडला. "आता इथे दुकान मांडता का?"

"नाही. एवढी रांग होऊ दे."

रांगेत अजून पंधरावीस माणसं होती. आज्याने जीपवाल्याला हात करून पुढे जायला सांगितलं.