ठरलेली खानावळ

नागपुरात आज जेवायला जागांची वाण नाही. धरमपेठ, सदर, वर्धा रोड, जिकडे जावं तिकडे नवी हॉटेलं दिसतात आणि त्यातली बरीचशी चांगलीही आहेत. तरी माझा जुना मित्र पुण्याहून आला की आमचं रात्रीचं जेवण गोळीबार चौकाजवळच्या एका सावजी खानावळीतच होतं. जागा कोणी सुचवत नाही, फक्त वेळ ठरते. घरात दरवेळी विचारतात, "काऊन, दुसरं काही सापडत नाही का तुमाले?" प्रश्न रास्त आहे. ‘तिथली चव’ असं म्हणून सुटता येतं, पण ते उत्तर थोडं तपासलं की अपुरं वाटू लागतं.

आधी चवीचंच पाहू. सावजी रस्सा काळपट, अंगाला दाट, वर तर्री. खसखस, धणे, मिरी, लवंग, दगडफूल, सुकं खोबरं असं बरंच काही भाजून वाटलेलं असतं. मसाल्यात बत्तीस जिन्नस पडतात असं सांगतात, पण कोणता किती, हे ज्याच्या त्याच्या घरात राहतं. रस्सा मिळून यावा म्हणून भाजलेल्या ज्वारीचं पीठ लावतात, आणि जुन्या पद्धतीत तेल जवसाचं असे. मटण, खूर, कलेजी, अंडी हे ठरलेलं. मांस न खाणाऱ्यासाठी पाटोडी रस्सा आणि डाळकांदा. सोबत पोळी किंवा भाकर, चिरलेला कांदा, लिंबाची फोड. हे सगळं माझ्या कॉलेजच्या दिवसांत जसं होतं तसंच आजही ताटात येतं.

पण ते खाणारी जीभ तीच आहे का? तिखट ही मुळात गोड-आंबटासारखी चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन शरीरातल्या उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेला चाळवतं, म्हणून आपल्याला भाजल्यासारखं वाटतं आणि घाम फुटतो. हे काम करणारा ग्राही (रिसेप्टर) १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढला आणि त्या कामासाठी २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. नेहमी तिखट खाणाऱ्याची ही यंत्रणा हळूहळू बोथट होते आणि सवय मोडली की पुन्हा तल्लख होते. माझा मित्र पुण्याला गेला, त्याची सवय मोडली. मी इथंच राहिलो. एकाच पातेल्यातला रस्सा आम्हा दोघांच्या वाटीत येतो, तेव्हा तो दोघांना सारखा लागत नाही. आणि वीस वर्षांपूर्वी आम्हाला जसा लागत होता तसा तर दोघांपैकी कोणालाच लागत नाही. म्हणजे जिच्यासाठी परत जातो असं आपण म्हणतो ती चव आपल्या बाजूने केव्हाच बदललेली असते.

मग आठवणीसाठी जातो का? काही अंशी जात असू. पण आठवणींना खानावळ लागत नाही, त्या फोनवरही निघतात. आणि खरं सांगायचं तर त्या टेबलावर आम्ही जुन्या गोष्टी फार थोड्या बोलतो. बोलणं असतं ते त्याच्या आईच्या गुडघ्याचं, माझ्या मुलीच्या प्रवेशाचं, त्याच्या फ्लॅटच्या हप्त्याचं. सगळं आत्ताचं. तरीही ते आत्ताचं बोलायला आम्हाला तीच जागा लागते. इथं मला विषयाचं मर्म आहे असं वाटतं.

विधान भवनापासून जवळच झिरो माइलचा दगडी खांब आहे, शेजारी चार घोडे. भारताचा मध्यबिंदू म्हणून लोक तिथं फोटो काढतात. तिथंच सर्वेक्षण खात्याचं एक चिन्ह आहे, १९०७ सालचं, आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे. मला घोड्यांपेक्षा हे चिन्ह जास्त महत्त्वाचं वाटतं. उंची मोजणारी माणसं अशा माहीत असलेल्या खुणेपासून निघतात, टप्प्याटप्प्याने चढ-उतार मोजत पुढं जातात. प्रत्येक टप्प्यावर केसाएवढी चूक होत असते आणि ती त्या टप्प्यावर कधीच दिसत नाही. म्हणून मोजणारी माणसं फिरून पुन्हा त्याच खुणेपाशी येतात. सगळे चढ-उतार मिळून बेरीज शून्य यायला हवी. जेवढी येत नाही, तेवढा फरक वाटेत पडलेला असतो. तो परत आल्याशिवाय कळत नाही.

मित्राबरोबर ठरलेल्या जागी जेवायला जाणं मला याच प्रकारचं वाटतं. आयुष्यात सगळंच थोडं थोडं सरकत असतं, आणि सगळंच सरकत असल्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही. त्या टेबलावर मात्र ताट तेच, वाटी तीच, रश्श्याचा रंग तोच, त्यामुळे माणसात पडलेला फरक लगेच दिसतो. पूर्वी हा गडी बसल्या बसल्या खूर मागवायचा आणि रस्सा दोनदा घ्यायचा. मागच्या खेपेला त्याने सुकं मटण सांगितलं, तेही अर्धं, आणि रश्श्यात पोळीचं टोक बुडवून थांबला. मी काही विचारलं नाही, पण ॲसिडिटीच्या गोळ्यांपासून सुरू झालेलं बोलणं रात्रपाळीपर्यंत आणि तिथून नोकरी सोडावी का इथपर्यंत गेलं. फोनवर दर आठवड्याला तो ‘मजेत’ असायचा. एखाद्या नव्या हॉटेलात हे माझ्या लक्षात आलं असतं असं मला वाटत नाही. तिथं आम्ही दोघंही मेनूकार्डात डोकं घालून बसलो असतो, काय चांगलं मिळतं हे वेटरला विचारत राहिलो असतो. नव्या जागी आपलं लक्ष जागेकडे जातं. जुन्या जागेकडे पाहण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून समोरच्या माणसाकडे पाहता येतं.

आणि सावजीचं तिखट यात आपला हातभार लावतं. कपाळावर घाम, नाकाला पाणी, हाताला तेल अशा अवस्थेत कोणालाही ऐट राखून बसता येत नाही. त्याचे वडील गेले त्यानंतर महिन्याभराने आम्ही तिथं जेवलो होतो. जेवताना त्याचे डोळे वाहत होते. मी कांद्याची बशी त्याच्याकडे सरकवली, त्याने लिंबू पिळलं, आणि आम्ही जेवत राहिलो. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता दगडाची गोष्ट इथंच सोडली पाहिजे, कारण पुढं ती चालत नाही. खूण म्हणून पुरलेला दगड आपला आपण तिथं राहतो. रस्सा राहत नाही. तो रात्री संपतो आणि सकाळी पुन्हा शून्यापासून करावा लागतो. नागपूर जिल्ह्यातल्याच भिवापूरची मिरची नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण कुठलीही मिरची दरवर्षी सारखी उतरत नाही. पाऊस जास्त झाला, तोडणी लांबली, माल जुना झाला की रंग आणि जाळ दोन्ही बदलतात. खोबरं कधी तेलकट, कधी कोरडं. बोकड कधी कोवळा मिळतो, कधी निबर. रोज वेगळा येणारा हा माल घेऊन रात्री तीच चव वाढायची, तर भाजणारीचा हात रोज थोडा बदलायला लागतो. आज मिरची चार दाणे कमी, आज मटण अर्धा तास जास्त, आज ज्वारीचं पीठ जरा हलकं. जी बाई कालच्याच मापाने आजही करील, तिची चव महिन्याभरात बिघडेल. गिऱ्हाइकाला जे ‘जसंच्या तसं’ वाटतं, त्याच्यामागे रोजची ही दुरुस्ती असते. ती दिसू नये इतकी नीट केली की मगच ती साधली. म्हणूनच तिचं कौतुक कोणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मैत्रीतही मला हेच दिसतं. पंचवीस वर्षं आम्ही ‘जसेच्या तसे’ मित्र आहोत असं लोक म्हणतात. पण त्याचं लग्न झालं तेव्हा माझा रोजचा वेळ गेला, माझी प्रकृती बिघडली तेव्हा त्याच्या गावाला येण्याच्या तारखा बदलल्या, आणि पैशाच्या एका व्यवहारानंतर आम्ही दोघांनीही काही विषय बोलायचे सोडले. त्या त्या वेळी कोणीतरी हात थोडा आवरला किंवा सैल सोडला. विशीतल्या मापाने आज वागलो असतो, तर ही मैत्री केव्हाच आटोपली असती.

सावजीची खानावळ तरी कुठं आदिकालापासून आहे? हे जेवण हलबा कोष्टी समाजाचं, मागावर बसून नागपुरी लुगडी विणणाऱ्यांचं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथं सुरू झाली, पुढं आणखी गिरण्या आल्या, नंतर यंत्रमाग आले, आणि हातमागाच्या पोटावर पाय आला. काही घरांनी मग आपल्या चुलीवरचं जेवण विकायला काढलं. ओसरीवर चार माणसं बसवायची, घरातल्या बायकांनी रांधायचं, पुरुषांनी वाढायचं. आज आपण ज्याला नागपूरची जुनी चव म्हणतो, ती एक धंदा बुडत असताना माणसांनी शोधलेली नवी वाट होती. ज्या मिलने हे घडवायला हातभार लावला ती मिलही गेली, तिच्या जागेवर मॉल उभा आहे. रस्सा राहिला, कारण तो करणारी माणसं राहिली.

आणि ती माणसंही आपल्याला मोजत असतात, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही शिरलो की वाढणाऱ्या काकू म्हणतात, "लय दिवसानं आले भाऊ. बारीक झाले." मग माझ्या मित्राला न विचारता लिंबाची जास्तीची फोड ठेवतात. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा असतो. काकाजी दाराशी खुर्ची टाकून बसतात, पूर्वी तेच भाकरी आणून द्यायचे. आम्ही त्यांना पाहतो, ते आम्हाला पाहतात, आणि किती दिवस गेले याचा हिशोब दोन्हीकडे होतो.

नव्या जागी जाऊ नये असं मी म्हणत नाही. नव्या ओळखीच्या माणसाबरोबर नवी जागाच बरी. दोघंही तिथं सारखेच अनोळखी असतात, आणि जेवणाबद्दल बोलता बोलता ओळख वाढते. पण ज्याच्याशी ओळख वाढवायची राहिलेली नाही, ज्याचं आता कसं चाललंय एवढंच जाणून घ्यायचं आहे, त्याच्यासाठी जागा न बदलणं चांगलं. यात धाडसाचा अभाव आहे असं मला वाटत नाही. उलट, आपल्यात काय बदललं हे बघायला जावं लागतं, आणि ते दर वेळी आवडतंच असं नाही.

अशा खानावळी परत परत येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालतात. पाटी दिसत नाही, जाहिरात नसते, बसायला बाकडी असतात, आणि पुढच्या पिढीला पहाटे उठून मसाला भाजायचा नसेल तर त्या गुपचूप बंद होतात. तेव्हा तुमची अशी एखादी जागा असेल, महालात असो, इतवारीत असो की पाचपावलीत, तर ती अजून चालू आहे का ते विचारून घ्या आणि ज्याच्याबरोबर तिथं बसत होता त्याला आजच फोन करा. गेल्यावर तिखट कमी करा म्हणून सांगू नका, रस्सा कमी घ्या. आणि उठण्याआधी आत डोकावून, जिने रांधलं तिला जेवण चांगलं झालं म्हणून सांगा.