परत आलेले दगड

गोलानच्या पठारावर गमला म्हणून एक प्राचीन गाव होते. सन ६७ मध्ये रोमन फौजेने वेढा घालून ते घेतले. तटावरची माणसे हटावीत म्हणून फौजेने यंत्रांनी दगडी गोळे फेकले. उत्खननात असे सुमारे २००० गोळे निघाले. दगड काळा, आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. त्यांतले दोन कोणी एकाने १९९५ च्या जुलैत उचलून घरी नेले, आणि २०१५ साली दूर दक्षिणेस बीरशेबा शहरी एका संग्रहालयाच्या अंगणात गुपचूप आणून ठेवले. सोबत चिठ्ठी. तीत लिहिले होते की, हे मी चोरले, तेव्हापासून माझ्यामागे नुसती संकटे लागली. बाबांनो, जुन्या वस्तू चोरू नका.

आता कोणी म्हणेल, हा कसला अनुताप? संकटे आली म्हणून दगड टाकला. बरकत आली असती तर ठेवलाच असता की नाही? प्रश्न खरा आहे. आमच्या मते दगड कोणावर रागावत नाही, आणि देवही असल्या वसुलीला येत नाही. पांडुरंगाचे दोन्ही हात कटेवर आहेत. त्यांत दंडुका कोणी पाहिला? शाप होता तो त्या गृहस्थाच्या मनात. वीस वर्षे रोज घरात तो दगड दिसायचा, आणि आलेले प्रत्येक दुखणे त्याच्याच खाती मांडले जायचे.

पण नुसते भयच असते तर दगड ओढ्यात टाकूनही भागले असते. इतरांना ‘चोरू नका’ म्हणून सांगायचे कारण काय? आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. दगड गमलात नेमके कुठले, शिखराच्या पायथ्याच्या वस्तीतले, हेही त्याने लिहिले. जुनी वस्तू जागेवरून हलली की मुकी होते. गोळा कुठे पडला होता यावरून मारा कुठून झाला ते जाणते लोक ओळखतात. चोरी दगडाची दिसते, खरी चोरी त्या जागेची असते. तेवढी त्याने होईल तितकी परत केली. नाव सांगितले नाही. ते त्याचे त्याला ठाऊक, आम्ही कोण विचारणार?

‘दोन हजारांतला एक नेला तर काय बिघडले?’ असेही म्हणतात. वारीतल्या प्रत्येकाने देवळाचा एकेक चिरा नेला तर आषाढीला कळस कशावर राहील?

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस कितपत, ते सांगून टाकतो. तरुणपणी वारीच्या वाटेवर एका पडक्या हेमाडपंती देवळातून कोरीव फुलाचा एक तुकडा आम्ही पिशवीत घातला. भक्तीनेच, असे तेव्हा वाटले होते. तो अजून आमच्या देवघरात आहे, रोज गंध लागते. संकट म्हणाल तर काही आले नाही. उलट सारे बरेच चालले आहे, म्हणूनच परत करणे लांबत गेले.

गेल्या एकादशीस फडक्यात बांधून ठेवला आहे. पुरातत्त्व खात्याकडे द्यायची चिठ्ठीही लिहिली. गावाचे नाव आले, देवळाचे आले. कोणत्या भिंतीपाशी, ते काही केल्या आठवत नाही. चिठ्ठीत तेवढी जागा अजून कोरी आहे.