पडद्यामागचे श्रवण

उत्तर अमेरिकेच्या ज्या प्रदेशांत हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, तेथे घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो. आणि एवढे खोदकाम करावयाचेच आहे, तर थोडा अधिक खर्च सोसून घराखाली एक अख्खा मजलाच का पदरात पाडून घेऊ नये, या व्यवहारी विचारातून तेथील तळघरे वाढली. न्यू जर्सी असो, शिकागोची उपनगरे असोत की टोरांटो असो, तेथे स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांच्या जीवनात या ‘बेसमेंट’ला मोठे स्थान प्राप्त झाले आहे. गणपतीच्या आराशीची खोकी वर्षभर तेथेच असतात, मंडळाच्या नाटकाच्या तालमी तेथेच होतात, आणि पाणी तापविण्याच्या टाकीपासून पडदी घालून वेगळ्या काढलेल्या जागेत, टीव्हीसमोर, घरातील तीन पिढ्या रात्री तेथेच एकत्र बसतात. न्यू जर्सीतील माझ्या भाच्याने अशाच एका खोलीतील ध्वनियोजनेसाठी पाचशे डॉलरांची रक्कम मंजूर करून ‘मामा, यात काय घ्यावे?’ असे मला विचारले. प्रश्न खरेदीचा होता. परंतु त्याचा विचार करता करता मला दिसू लागले की, आपण ऐकतो तेव्हा नेमके काय ऐकतो, हा आपल्या प्रमाणशास्त्रातील फार जुना आणि अद्यापि न मिटलेला वाद त्या प्रश्नाच्या पोटात दडलेला आहे.

बाजारात शिरणाऱ्या मनुष्याच्या कानावर ध्वनी पडण्यापूर्वी पुष्कळ गोष्टी त्याच्या मनावर पडलेल्या असतात: कारखान्याचे नाव, किमतीचा आकडा, वॅटांची संख्या, पेटीच्या लाकडाची झळाळी, आणि आधी घेऊन गेलेल्यांच्या शिफारशी. यांतील एकही बाब ध्वनी नव्हे. तरीही तो जेव्हा ‘हा आवाज भरदार आहे’ असे म्हणतो, तेव्हा या सर्वांनी त्या विधानावर आपापली सही केलेली असते. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास बौद्ध तार्किक दिङ्नागाने प्रत्यक्षाचे लक्षण करताना जे ज्ञान कल्पनेपासून मुक्त आहे, म्हणजे ज्याला नाव, जाती, गुण यांची योजना अद्यापि चिकटलेली नाही, तेच प्रत्यक्ष, असा कठोर दंडक घातला. त्याच्या आधीच भर्तृहरीने वाक्यपदीयात नेमकी उलट बाजू मांडून ठेवली होती: शब्दाचा अनुवेध नसलेले ज्ञान या लोकव्यवहारात संभवतच नाही, जे जाणले जाते ते शब्दाने विणलेलेच जाणले जाते. नैयायिकांनी मध्यममार्ग काढला. प्रथम निर्विकल्पक, नामरहित असे ज्ञान होते आणि त्याच्या पाठोपाठ सविकल्पक, नामयुक्त ज्ञान होते, आणि दोन्ही प्रत्यक्षच होत, असा फैसला उत्तरकालीन नैयायिकांनी दिला. विद्यार्थिदशेत हा वाद मला शब्दच्छलासारखा भासे. आता तसे वाटत नाही; कारण तो वाद प्रयोगाने तपासून पाहण्याची सोय आपल्या काळात, आणि तीही या लाउडस्पीकरांच्याच क्षेत्रात झाली आहे.

ओटावा येथील कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने अनेक वर्षे श्रवणाच्या परीक्षा घेतल्या. त्यांची पद्धत अशी की, लाउडस्पीकर एका पडद्यामागे ठेवावयाचे. पडदा असा की, ध्वनी त्यातून निर्वेध यावा, मात्र दृष्टी अडावी. सर्वांची पातळी समान करावयाची, आणि मग श्रोत्यांनी केवळ कानांच्या साक्षीवर गुण द्यावयाचे. निष्कर्ष असा निघाला की, नाव व रूप दृष्टीआड झाले म्हणजे माणसांची मते आपण समजतो तितकी भिन्न राहत नाहीत. ज्या लाउडस्पीकरातून नीच, मध्य व उच्च कंप्रता समतोलपणे, कोणताही भाग न फुगविता वा न गाळता बाहेर पडतात, आणि बाजूला बसणाऱ्याकडेही तोच समतोल राखून जातात, त्यालाच बहुतेकांची पसंती मिळते. पुढे टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांना तेच लाउडस्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर ऐकविले. उघड्यावर आणताच भव्य व देखण्या पेट्यांचे गुण चढले आणि पडद्यामागे चांगली कामगिरी बजावलेल्या लहान, स्वस्त संचाचे गुण घसरले. यातली मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी गोष्ट तर निराळीच आहे: लाउडस्पीकर खोलीत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविला असता ध्वनीत जो खरोखरीचा फरक पडत होता, तोही डोळे उघडे असणाऱ्या श्रोत्यांना पूर्वीइतका जाणवेनासा झाला. म्हणजे नामरूपाने असत्याची भर घातली एवढेच नव्हे, तर सत्याची वजावाटही केली.

‘पण मामा, कानाने ऐकायचे ते डोळ्यांनी कसे बिघडावे?’ असे माझा भाचा म्हणाला. भर्तृहरीचे उत्तर मी त्याला सांगितले. ज्ञान घडते तेव्हाच नाव त्यात शिरलेले असते, ते मागाहून येऊन बसत नाही. परंतु दिङ्नागाची बाजूही त्याच प्रयोगाने राखली आहे, कारण पडद्यामागे निदान त्या वस्तूच्या नावापुरते मुक्त श्रवण शक्य आहे हे त्याने दाखविले. अल्प द्रव्य असणाऱ्या मनुष्याला या निष्कर्षात मोठा आधार आहे. ज्याच्याजवळ पुष्कळ पैसा आहे त्याला नावही विकत घेण्याची मुभा असते. ज्याच्याजवळ पाचशेच डॉलर आहेत त्याला नावाचे मोल देऊन ध्वनी घेणे परवडतच नाही, आणि म्हणून मुमुक्षूला जे प्रयत्नपूर्वक साधावे लागते ते नामत्यागाचे शिक्षण परिस्थितीच त्याला देऊ करते. दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मर्यादित रक्कम ही विवेकाची शत्रू नव्हे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

नावानंतर दुसरे आवरण खोलीचे. वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले आणि कर्णविवराने मर्यादित झालेले आकाश म्हणजेच श्रोत्रेंद्रिय असे म्हटले. शब्द कानापर्यंत कसा येतो हे सांगताना त्यांनी पाण्यावरील तरंगांचा आणि सर्व दिशांनी एकदम फुलणाऱ्या कदंबाच्या कळीचा, असे दोन दाखले दिले. आजचे भौतिकशास्त्र आकाशाच्या जागी वायूची कंपने मानते. तरीसुद्धा ध्वनीचा विचार त्याच्या उगमापाशी न थांबता त्याच्या आश्रयापर्यंत गेला पाहिजे, ही त्या शास्त्रकारांची दृष्टी तळघरात बसल्यावर मला फार खरी वाटली. नीच स्वर तेथे कदंबाप्रमाणेच चहूकडे फुलतात आणि काँक्रीटच्या भिंतींवर आपटून परत येतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1130 फूट धरला, तर 14 फूट रुंदीच्या खोलीत सेकंदाला 40 कंपनांच्या आसपास पहिला अनुनाद उठतो. छत 7 फुटांवर असेल तर उंचीचा पहिला अनुनाद 80 कंपनांशी येतो, आणि रुंदीचा दुसरा अनुनादही नेमका तेथेच येऊन पडतो. मग तेवढाच एक सूर घुमू लागतो. तबल्याचा डग्गा त्याच्याजवळ गेला की फुगतो आणि दूर सरला की विरतो, आणि बसण्याची जागा दोन हात हलविली तर सगळा प्रकारच बदलतो. हा दोष पाचशे डॉलरांच्या संचात जितका दिसेल तितकाच पन्नास हजारांच्या संचातही दिसेल, कारण तो संचाचा नाहीच. म्हणून पेटी भिंतीच्या कोपऱ्यातून पुढे आणावी, जमिनीवर जाड गालिचा घालावा, उघड्या भिंतीपाशी पुस्तकांची कपाटे ठेवावी. आणि खोल गर्जनेसाठी निराळा सबवूफर घेण्याचा बेत तूर्त तहकूब करावा, असे मी सुचविले. ज्या खोलीत नीच स्वर आवरत नाहीत तेथे ते वाढविण्याचे यंत्र प्रथम विकत घेणे, यात मला शहाणपण दिसत नाही.

तिसरे आवरण सर्वांत विलक्षण. ‘आलम आरा’ प्रदर्शित होऊन भारतीय चित्रपटाला वाचा फुटली त्याच 1931 सालात अॅलन ब्लमलिन या इंग्रज अभियंत्याने दोन ध्वनिक्षेपकांतून दिशेचा भास निर्माण करण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले. उजव्या-डाव्या पेट्यांतून समान ध्वनी निघाला म्हणजे त्यांच्या मधोमध, जेथे काहीही नाही तेथे, गवई बसलेला ऐकू येतो. शिंपल्यावरचे रुपे ‘हे रुपे नव्हे’ असे कळताच नाहीसे होते. हा गवई मात्र तेथे नाही हे पक्के ठाऊक असूनही हलत नाही. वेदान्त्यांनी अशा भ्रमाला सोपाधिक म्हटले आहे: जास्वंदीच्या फुलाजवळचा स्फटिक तांबडा नाही हे जाणूनही, फूल जवळ आहे तोपर्यंत तांबडाच दिसतो. येथील उपाधी म्हणजे दोन्ही कानांवर एकाच क्षणी पडणारा समान ध्वनी, आणि ती अत्यंत नाजूक आहे. दोन्ही पेट्यांपासून समान अंतरावर बसलेल्यालाच तो गवई मध्यभागी भेटतो. एका अंगाला सरकलेल्याला, जवळच्या पेटीचा ध्वनी आधी पोहोचत असल्यामुळे, सगळा आवाज त्या एकाच पेटीतून येताना ऐकू येतो.

येथे तत्त्वज्ञान सोडून न्यायाचा प्रश्न उत्पन्न होतो. तीन पिढ्या एका कोचावर बसतात तेव्हा मधली जागा बहुधा घरच्या कर्त्याची किंवा मुलांची असते, आणि भाच्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, कडेच्या खुर्चीत बसते. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रता ऐकू येईनाशा होतात. स्वर कानावर येतात, पण ज्यांच्यावर शब्दाचा अर्थ अवलंबून आहे ती ‘स’, ‘श’, ‘च’, ‘फ’ यांसारखी व्यंजने हरवतात. ‘आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही,’ ही तिची तक्रार शब्दशः खरी आहे, आणि आवाज मोठा करणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. म्हणून संवाद ज्यातून यावयाचे तो मधला लाउडस्पीकर भासमान नसावा, खराखुरा असावा, आणि तो उजव्या-डाव्यांच्याच घडणीचा असावा, अशी माझी शिफारस आहे. आडव्या ठेवण्याच्या स्वस्त पेट्यांत एका उंच सुराच्या शंकूच्या दोन बाजूंस दोन मोठे शंकू असतात, आणि त्या दोहोंचे ध्वनी बाजूला बसणाऱ्यापाशी एकमेकांना छेदून नेमका बोलण्याचाच भाग क्षीण करतात. त्यापेक्षा एकसारख्या तीन लहान पेट्या घ्याव्या. वर्धक नवा न घेता, तारांचे मानक बदलले म्हणून लोकांनी स्वस्तात काढून टाकलेला एखादा जुना, निकोप रिसीव्हर घ्यावा. आणि मागच्या बाजूच्या पेट्यांची बाब पुढील सालावर टाकावी.

तीन पेट्या कोणत्या, हे ठरविण्यासाठी कानांना काय ऐकवावे, याविषयी मात्र मी दिङ्नागाला सोडून मीमांसकांकडे जातो. शब्द नित्य आहे, आणि आपल्या मुखातून निघणारा ध्वनी त्याला केवळ प्रकट करतो, या आपल्या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ त्यांनी प्रत्यभिज्ञेचा आधार घेतला: काल ऐकलेला गकार तोच हा, अशी ओळख आपल्याला पटते, ‘त्यासारखा दुसरा’ अशी पटत नाही. शब्दाच्या नित्यत्वाविषयी मी निर्णय देऊ शकत नाही. परंतु ओळखीचे सामर्थ्य मात्र निर्विवाद आहे. टेलिफोनच्या जुन्या तारेतून सेकंदाला 300 ते 3400 कंपनांएवढाच पट्टा पलीकडे जात असे, आणि तरीही ट्रंककॉलवर पहिल्याच ‘हॅलो’ने आई ओळखू येई. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून, त्या खरखरीतून आणि आकुंचित ध्वनिपटातून, किराण्याचा तो सूर आमच्या पिढीच्या घराघरांत ओळखीचा झाला. तेव्हा पडद्याने पुसावयाचे ते यंत्राचे नाव. गाणाऱ्याचे वा बोलणाऱ्याचे नाव पुसून चालणार नाही, कारण त्या ओळखीवाचून यंत्राची परीक्षा करणारा मापदंडच आपल्यापाशी उरत नाही. दुकानदार ऐकवितात त्या स्फोटांच्या नि वादळांच्या ध्वनिमुद्रिका यासाठीच मला निरुपयोगी वाटतात. खरे वादळ कसे वाजते याची खातरजमा कोणी करावी? बीबीसीच्या संशोधन विभागाने 1970 नंतरच्या वर्षांत बाह्यप्रक्षेपणाच्या अरुंद गाड्यांसाठी एल.एस. 3/5ए हा लहानसा लाउडस्पीकर सिद्ध केला, तेव्हा खोल नाद हातचा सोडून देऊन मनुष्याच्या बोलण्याची यथार्थता जपली. आणि तेथील अभियंते प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी त्याचेच ध्वनिमुद्रण वाजवून दोहोंची तुलना करीत.

माझ्या भाच्याला मी हीच पद्धत सांगितली. थोरल्या बहिणीने वरच्या मजल्यावर बसून, नेहमीच्या आवाजात, पाच मिनिटे काही वाचावे आणि ते फोनवर मुद्रित करून घ्यावे. परत करण्याची मुभा देणाऱ्या दुकानातून दोन प्रकारच्या पेट्या आणून त्या एका पातळ चादरीमागे ठेवाव्या. दोहोंची पातळी मोजून समान करावी, कारण किंचित मोठा असलेला आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. तारा बदलण्याचे काम मुलीकडे द्यावे आणि कोणती पेटी चालू आहे हे तिने शेवटपर्यंत सांगू नये. घरच्या सर्वांनी बहिणीचा आवाज नीट ओळखू येतो की नाही एवढेच पाहावे. त्यानंतर कोणत्याही मराठी नाटकातील एक प्रवेश लावून बहिणीला तिच्या त्या कडेच्या खुर्चीत बसवावे, आणि जिच्यातून तिला अधिक शब्द कळतील ती पेटी घ्यावी; बाकीच्यांचे मत वेगळे पडले तरीही.