यंत्र माझं, पण नोंद कुठाय?

लग्न आटोपलं की मंडपवाला आपल्या खुर्च्या टेम्पोत भरून घेऊन जातो. त्या खुर्च्या यजमानाच्या झाल्या, असं कुणी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात अवजड यंत्रं भाड्याने देणारेही वर्षानुवर्षं याच समजुतीवर धंदा करत होते. ३० जानेवारी २०१२ला तिथे जंगम मालमत्तेवरच्या तारणाचा नवा राष्ट्रीय कायदा लागू झाला. मूळ विचार अमेरिकेचा. कॅनडा, न्यूझीलंड करत तो इथवर पोचला. राज्याराज्यांत विखुरलेल्या नोंदवह्या गेल्या, देशभरासाठी एकच ऑनलाइन नोंदवही आली. जुन्या व्यवहारांना दोन वर्षांची सवलतही मिळाली. दोन वर्षांत फॉर्म बदलतात. मालकीची समजूत एवढ्यात कुठली बदलायला!

मेडन सिव्हिल नावाच्या कंत्राटदाराकडे कॅटरपिलरची तीन यंत्रं होती. पैसे दुसऱ्या कंपनीने मोजलेले, मालकी तिची. मेडनला ती फक्त वापरायला दिलेली. मालकाने नोंद केली नाही. मेडनने पुढे एका वित्त कंपनीकडून तारणावर कर्ज काढलं, त्या कंपनीने मात्र नोंद केली. मेडन बुडाली. २०१३ साली न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने यंत्रांवरचा पहिला हक्क कर्ज देणाऱ्याला दिला.

आपल्याकडे ट्रॅक्टरच्या आरसी बुकावर बँकेचं नाव असतं, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो. तिथला कायदा याच्याही पुढे गेला: लांब मुदतीने यंत्र भाड्याने देणाऱ्याने स्वतःच्याच वस्तूवर स्वतःचा बोजा चढवायचा. वस्तू कोणाची, हा प्रश्न मागे पडला. ती तुझी आहे हे चारचौघांना कळवलं होतंस का, हा पुढे आला. मला हे पटतं. कर्ज देणाऱ्याला आवारात उभं असलेलं यंत्र दिसतं, मालकाच्या कपाटातला भाडेकरार दिसत नाही.

पटत नाही ती शिक्षा. वनस्टील कंपनी अडचणीत आली, तेव्हा तिला खनिज फोडून चाळणारी सुमारे २.३ कोटी डॉलरची यंत्रसामग्री भाड्याने देणाऱ्याने नोंद केलेली होती. फक्त नऊ आकडी कंपनी क्रमांकाच्या जागी अकरा आकडी व्यवसाय क्रमांक टाकला होता. गंमत म्हणजे, त्या अकरा आकड्यांतले शेवटचे नऊ म्हणजे कंपनी क्रमांकच. पण कंपनी क्रमांकाने शोधलं तर नोंद सापडत नव्हती. २०१७ साली न्यायालयाने ती सदोष ठरवली आणि यंत्रसामग्री गेली. त्याच वर्षी संसदेने कायदा जरा सैल केला: भाडेकरार एक वर्षाऐवजी दोन वर्षांहून लांब असेल, तरच तो या कक्षेत. आकडा चुकवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

मेलबर्न-सिडनीत जुनी गाडी घेणाऱ्या मराठी मंडळींनी एवढं करावं: सौदा ठरवण्याआधी दोन डॉलर भरून गाडीचा चॅसी क्रमांक याच नोंदवहीत तपासावा. विकणाऱ्याच्या कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर तो तिथे दिसेल.